मस्टरवर नाव

डहाणूच्या पुढे लोकल जात नाही. २०१३ च्या एप्रिलपासून विरारहून ती इथवर येऊ लागली आणि इथूनच उलटी फिरते. त्यामुळे आगर, नरपड, चिखले भागातल्या मुलामुलींना नोकरी शोधायला दोन वाटा. खाली बोईसर-तारापूरची एमआयडीसी, तिथे लोकल पोहोचवते. वर उंबरगाव, सरीगाम, वापी. तिकडे जायचं तर शटलची वेळ आणि कंपनीची पाळी यांचं जमावं लागतं. मधल्या डहाणू तालुक्यात एक औष्णिक वीज केंद्र सोडलं तर मोठे कारखाने उभे राहिले नाहीत. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरला आणि सगळ्या उद्योगांना मिळून ५०० एकरांची मर्यादा पडली. चिकूच्या वाड्या टिकल्या त्या त्यामुळेच. मी वाडीवाला, मला ते बरं वाटणारच. पण ज्याला बेडणी घेऊन चिकू उतरवायचा नाही, फुग्यांच्या कारखान्यात बसायचं नाही, त्याला गाडी पकडण्यावाचून गत्यंतर नाही. बाजार बसला की सकाळच्या शटलने गेलेली माणसं दुपारीच परतताना दिसू लागतात.

आमच्या वाडीमागच्या खोलीत भरतीची तयारी करणाऱ्या तीन मुली भाड्याने राहतात. त्यातली एक तलासरीकडची, वारली समाजातली, बी.कॉम. झालेली. तिचा मामा उंबरगावला एका कारखान्यात मशीनवर आहे, अजून निवृत्तीला थोडा अवकाश आहे. त्याने भाचीसाठी पॅकिंगला शब्द टाकला आणि रविवारी निरोप घेऊन आला. पुढचं बोलणं आमच्या ओट्यावर झालं. मधेमधे मीही तोंड घातलं.

मामा : उद्या सोमवारी ये म्हणालाय. आधार, दोन फोटो, पासबुकाची झेरॉक्स. बस्स. एवढ्यात काम मिळतंय आणि तू विचार करत बसलीस?

भाची : एवढ्यात मिळतंय म्हणूनच विचार करतेय, मामा. मार्कशीट मागितलं का त्याने?

मामा : मार्कशीट काय करणार? खोके भरायला बॅलन्सशीट लागते का?

भाची : तेच म्हणते मी.

मामा : बाजार कसा आहे ते तुला इथे वाडीत बसून नाही कळायचं. आमच्या बाजूच्या दोन कंपन्यांत ओव्हरटाइम बंद झालाय. ओव्हरटाइम बंद झाला की समजायचं, आता माणसं कमी होणार. २००८ ला असंच झालं होतं. आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्याला दोन सुट्ट्या आल्या, मग कंत्राटातल्या पोरांचे गेटपास नवे केलेच नाहीत. कुणाला काढलं असं नाही. पत्र नाही, नोटीस नाही. सकाळी गेटवर गेले तर वॉचमन म्हणतो, तुमचं कार्ड चालत नाही.

भाची : तू तेव्हा तिथेच होतास ना? तुझं कार्ड कसं चाललं?

मामा : माझं नाव कंपनीच्या मस्टरवर होतं.

भाची : आणि मला कंत्राटात जा म्हणतोस.

मामा गप्प झाला, पण हरला नव्हता. त्याने तंबाखू काढली, मळली, आणि माझ्याकडे बघून परत पुडीत टाकली.

मामा : मीसुद्धा कंत्राटातच लागलो होतो. हेल्पर म्हणून. चौथ्या वर्षी साहेबाने आत घेतलं. आत जायचं तर आधी दारात उभं राहावं लागतं, बाई. घरात बसलेल्याला कोण हाक मारणार?

भाची : तुझ्या लाइनला शेवटचा माणूस परमनंट कधी झाला?

मामा : तसं आता...

भाची : नाव सांग एक.

नाव त्याला आठवलं नाही. बराच वेळ बोटं मोजून त्याने एकाचं सांगितलं, आणि मग स्वतःच म्हणाला, तो तर केव्हाच निवृत्त झाला.

या दोघांच्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. मामा चुकीचं सांगत नाही, जुनं सांगतो. तो लागला तेव्हा उंबरगाव वाढत होतं. हेल्परचा ऑपरेटर होत होता, ऑपरेटरचा परमनंट. आता हेल्पर हेल्परच राहतो, फक्त ठेकेदार बदलतो. मंदीत पहिली नोकरी धरणाऱ्यांचं पुढे काय होतं याचा कॅनडातल्या पदवीधरांवर मोठा अभ्यास झाला आहे. पडत्या काळात बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरली आणि ती खोट भरून निघायला आठ-दहा वर्षं गेली. भरून निघाली ती मात्र पहिल्या मालकाकडे चिकटून राहिल्याने नाही. बरी जागा दिसली की उडी मारणाऱ्यांची भरून निघाली. हे मी दोघांना सांगितलं. मामाला त्यातलं ‘पहिली नोकरी धरणारे’ एवढंच ऐकू आलं आणि भाचीला ‘नऊ टक्के’.

मामा : मग तू काय धरून बसलीस ते तरी सांग. तलाठी?

भाची : तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, आरोग्यसेविका. जे निघेल ते.

मामा : दोन हजार तेवीसला भरलास ना फॉर्म? नऊशे रुपये मीच दिले होते. काय झालं त्याचं?

त्याचं काय झालं हे पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित भागातल्या, कुणालाही विचारावं. त्या तलाठी भरतीत साधारण साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. आमच्याकडच्या मुलांना एक आधार होता. राज्यपालांच्या २९ ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेनुसार जिथे आदिवासी लोकसंख्या निम्म्याहून जास्त तिथे १७ संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासींची. तलासरीत तर दहातले नऊ आदिवासी. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि परीक्षा देऊन, निकाल लागून, यादीत नाव येऊन मुलं घरी बसून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी मारली त्यात हाही संताप होता. त्यानंतर सरकारने पात्र उमेदवारांना घेतलं, पण मानधनावर. म्हणजे सरकारी नोकरीची वाट पाहिली आणि तिथेही कंत्राटच आलं, असं मामा म्हणेल. म्हणालाच तो.

मामा : हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं, आणि तो पळताही तसलाच निघायचा!

भाची : तसला नाही. मानधनावर का होईना, त्यांची नावं लागली. ऑर्डर हातात आली, पदाचं नाव त्यावर आहे, उद्या निकाल लागला तर कोर्टात दाखवायला कागद आहे. पॅकिंगच्या पोरीकडे काय आहे? तीन वर्षं खोके भरले हे ती कुणाला दाखवणार?

मामा : तोवर खाणार काय?

भाची : आता काय उपाशी आहे? सकाळी यांच्या वाडीत चिकू निवडते. संध्याकाळी पाचवी-सहावीची पोरं येतात शिकायला. मधल्या वेळात अभ्यासिका.

मामा : आणि ते सरकारी युवा प्रशिक्षणाचं?

भाची : झालं ना. पदवीवाल्याला महिना दहा हजार. आधी सहा महिने, मग वाढवले. ऑफिसात मी आवक-जावक लिहिली, दाखल्यांचे अर्ज भरून दिले, साहेबांच्या मीटिंगला चहासुद्धा सांगितला. मुदत संपली तसं म्हणाले, प्रशिक्षण पूर्ण झालं. कशाचं प्रशिक्षण, ते मी विचारलं नाही.

ती हसली. मामा हसला नाही.

मामा : मला तुझ्या पोटाची काळजी नाही. तू पोट भरशीलच. मला भीती वेगळी आहे. आपल्या पाड्यावरचा तो पोरगा बघ. पोलिस भरतीला धावायचा. पहाटे चारला उठायचा. दोनदा थोडक्यात गेली. आता उठतो नऊला. विचारलं तर म्हणतो, जाहिरात आली की सुरू करीन. माणूस असा बसला की त्याचं बसणंच त्याचं काम होतं.

माझ्या मते दुपारभरात मामा बोलला त्यातलं हे सगळ्यात खरं. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात मारियेन्थाल नावाच्या गावातली सूतगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून पाहणी केली. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं कमी जाऊ लागली. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांचा वेगसुद्धा त्यांनी घड्याळ लावून मोजला. तो मंदावला होता आणि माणसं वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होती. बायका मात्र झपझप चालत, कारण घरचं काम कुठे बंद पडलं होतं? आमच्या अभ्यासिकेतही हे दिसतं. मुली दुपारी साडेबाराला उठून जातात, परत येतात. मुलं दिवसभर असतात, पण बाहेर मोटारसायकलीवर.

भाची : तो पोरगा बसला कारण त्याच्यापुढे दुसरं काही नाही. तुझा पॅकिंगचा ठेकेदार त्यालाही बोलावेल, पण तो जाणार नाही. का, माहीत आहे? दोन वर्षांनी परत तिथेच यायचंय हे त्याला कळतं. शिकलेलं माणूस वेडं नसतं.

मामा : शिकलेलेच जास्त बसलेत घरी.

भाची : हो, बसलेत.

आकडेही तेच सांगतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात २०२२ सालची तरुणांमधली बेकारी आहे : लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के, पदवीधरांत २९.१. वरवर पाहता शिक्षणच बेकारी आणतं असं वाटेल. पण निरक्षर पोराला बेकार राहणं परवडतच नाही. तो नाक्यावर उभा राहतो, वीटभट्टीवर जातो, बोटीवर जातो, आणि त्या आकडेवारीत ‘कामावर’ म्हणून मोजला जातो. बोटीचा विषय निघाला आणि आतापर्यंत एकमेकांवर तुटून पडणारी ही दोघं एकदम एका बाजूला आली.

भाची : दादाला सांग ना मग. तो कालच उचल घेऊन आला. वेरावळची बोट आहे म्हणे.

मामा : घेतली? माझ्याशी बोलला नाही. किती?

तिने आकडा सांगितला. मामाने कपाळावर हात मारला.

बाहेरच्यांना हे समजणार नाही म्हणून सांगतो. मंदीत कंपनीचा माणूस पाड्यावर यायचा बंद होतो, पण उचल देणारा येतोच. किंबहुना तेव्हा तो जास्त येतो. डहाणू-तलासरीतले कित्येक तरुण वर्षानुवर्षं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा. ऑगस्टमध्ये निघायचं, मे अखेरीला परत. पैसे आधी, काम नंतर, हिशेब सर्वांत शेवटी, आणि हिशेबाची वही मालकाकडे. २०२० च्या टाळेबंदीत हे खलाशी बोटींवरच अडकून पडले होते. सागरी हद्द ओलांडल्यावरून पाकिस्तानी यंत्रणेने पकडलेले आमच्या जिल्ह्यातले लोक कराचीच्या तुरुंगात वर्षं काढून आलेत. तरी उचल घेतली जाते, कारण घरात लग्न असतं, आजारपण असतं, नाहीतर नुसताच पावसाळा असतो.

मामा : आमचा आजा लग्नगडी होता. लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले आणि नवरा-बायको दोघं त्याच्या दारात राबली. झरीच्या सभेला तो चालत गेला होता, पंचेचाळीस साली. बाईंनी सांगितलं, वेठ करू नका, आणि त्याने केली नाही. आणि आज नातीचा पोरगा उचल घेऊन येतो!

२३ मे १९४५ ची ती सभा. बाई म्हणजे गोदावरी परुळेकर. तलासरीत आजही ‘बाई’ एवढंच म्हटलं की पुरतं. त्या वेळी झरी उंबरगाव तालुक्यात आणि उंबरगाव ठाणे जिल्ह्यात. १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं. म्हणजे मामा जन्मभर जी हद्द ओलांडून कामाला गेला ती त्याच्या आजाच्या काळी हद्दच नव्हती. तिकडे वेगळं राज्य, वेगळं किमान वेतन, तक्रार करायची तर वेगळं कामगार कार्यालय.

भाची : म्हणून सांगते. दादा आणि मी, आम्ही दोघं एकच करतोय असं तुला वाटतं, तो लवकर कामाला लागला आणि मी उशीर करतेय एवढाच फरक. तसं नाही. माझं नाव जिथे लागेल तिथेच मी जाणार.

मामा : आणि बंदर? वाढवण? बारा लाख नोकऱ्या म्हणतात.

भाची : अख्ख्या पालघर जिल्ह्याची माणसं जनगणनेत तीस लाख भरली होती, मामा. पाळण्यातली पोरं धरून.

बंदरावर मी बोलायचं टाळलं. ७६ हजार कोटींचा प्रकल्प आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली आहे, प्रशिक्षणाच्या घोषणा होतात. त्याच किनाऱ्यावर मासेमारी आहे, चिंचणी-वरोरकडे दागिन्यांच्या डाय घडवणारे कारागीर आहेत, आणि त्यांची धास्ती खोटी नाही. पण उद्या सकाळी शटल पकडायची की नाही, या प्रश्नाला बंदराचा काही उपयोग नव्हता.

मी मधे पडलो तो इथे. माझं मत असं की भाचीने जावं. मामाच्या कारणासाठी नाही, तिच्याच कारणासाठी. नाव लागण्याचा आग्रह तिने भरतीपुरता राखून ठेवलाय, तो पॅकिंगलाही लावावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं बंधन आलंय. कंत्राटी असला तरी. ते मागावं. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन नंबर मागावा, आणि दर महिन्याला फोनवर पासबुक बघावं, कारण काही ठेकेदार कामगाराचे बारा टक्के आणि मालकाचे बारा टक्के, दोन्ही त्याच्याच रोजातून कापतात. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, नंबर मागावा. त्याचा औषधपाण्यापलीकडे एक फायदा फार थोड्यांना ठाऊक आहे. नोकरी गेली तर अटींत बसणाऱ्याला अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतून जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता मिळू शकतो, आणि २०२० मध्ये तो सरासरी मजुरीच्या निम्म्यावर नेला. २००८ ला गेटवरून परत फिरलेल्यांच्या हाती असं काही पडलं नाही. आजही ज्याचा नंबर नाही त्याला नाही.

भाची : आणि हे सगळं मागितलं की तो म्हणणार, राहू दे.

मामा : म्हणेल. दहा उभ्या आहेत मागे.

भाची : म्हणाला तर मला उत्तर मिळालं.

मामा : आणि दिलं तर जाशील?

भाची : जाईन. पण जाहिरात आली की रजा टाकून परीक्षेला जाणार. आणि बोईसरला अकाउंटला कुठे जागा निघाली तर सोडणार. तेव्हा ‘मी शब्द टाकला होता, माझं नाक कापलंस’ असं म्हणायचं नाही.

मामाला हे झोंबलं. आमच्याकडे ओळखीने लागलेली नोकरी सोडणं म्हणजे ओळख तोडणं. याच एका गोष्टीपायी किती माणसं नको त्या जागी कुजली असतील! शिवाय घरच्या ओळखी सगळ्या एकाच जागेच्या असतात : मामा पॅकिंगचं सांगतो, मावशी पॅकिंगचं सांगते, चुलतभाऊ तिथेच हेल्पर. अकाउंटच्या जागेची खबर लागते ती लोकलच्या डब्यात रोज समोर बसणाऱ्या, जेमतेम नाव माहीत असलेल्या बाईकडून. भाची हे जाणून आहे. तिने बोईसरच्या गाडीतल्या दोघींचे नंबर घेऊन ठेवलेत, हे मला माहीत होतं. मामाला नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

मामा : बरं. लाव फोन.

भाची : मी?

मामा : तुलाच जायचंय ना?

तिने स्पीकरवर लावला. ठेकेदार हिंदीत बोलत होता, मागे मशीनचा आवाज होता. तिने रोज विचारला, पाळी विचारली. बारा तासांची निघाली. मग नियुक्तिपत्राचं विचारलं. पलीकडून आधी ‘वो सब हो जाएगा’ आलं. तिने परत विचारलं, कधी. ‘तीन महिना काम देखेंगे, फिर पीएफ चालू करेंगे.’ तिने मामाकडे बघितलं.

मामाने फोन तिच्या हातातून घेतला. ठेकेदाराला नावाने हाक मारली, आधी त्याच्या आईची तब्येत विचारली. मग सांगितलं की पोरगी बी.कॉम. आहे, पॅकिंगबरोबर तुझं डिस्पॅचचं रजिस्टर लिहील, वेगळा माणूस ठेवायची गरज नाही. पण पहिल्या दिवसापासून पीएफ, पहिल्या दिवसापासून ईएसआय, आणि पाळी आठ तासांची, कारण बारा तासांची सुटते तेव्हा डहाणूची शटल गेलेली असते. पलीकडे बराच वेळ नुसतं मशीन ऐकू येत होतं. मग ठेकेदार म्हणाला, रजिस्टरवाली बात सेठ से पूछता हूँ, मंगल को बताता हूँ.

‘उद्या सोमवार गेला म्हणजे,’ मामा फोन ठेवत म्हणाला.

‘डिस्पॅचचं कुठून काढलंस?’

‘त्यांचा रजिस्टरवाला गेल्या महिन्यात सोडून गेला. आता बस मंगळवारपर्यंत अभ्यास करत. आणि दादाला फोन लाव. त्या उचलीतले किती खर्च झाले ते बघू.’